कूलरचा पंप

पिंपळगावच्या मेहुण्याने दिला
शेततळ्यातून उरलेला काळा कागद.
खड्डा मी खणला, कंबर कुंदाने चोळली.
दगड सातपूरहून, कंपनीच्या मागचे,
एका खेपेला एकच,
स्कूटरवर दोन पायांच्या मधे.

पंप जुन्या कूलरचा.
धबधबा म्हणावा तर
करंगळीएवढी धार,
तीही शेजारच्या बागुलांच्या भिंतीवर.
"सोमेश्वरला कळवू नका हं,"
कुंदा म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

तीन रविवार दगड हलवले.
चपटा वर, खाली पाचर,
पुन्हा चपटा खाली.
मासे आणायच्या आधीच बेडूक राहायला आला.

काल रात्री वीज गेली,
तेव्हा कळलं, जमलंय:
अंधारात कुणीतरी
बोलता बोलता थांबलं,
आणि आम्ही दोघं
एकदमच उठून बसलो.