कडेची फट

उणे एकतीस. दुपारी चारलाच दिवे लागले उलानबातरला,
आणि प्रत्येक दिव्याभोवती धुराची लोकर.
बाजाराच्या सातव्या गल्लीत, मोजेवाल्याच्या पलीकडे
त्सेरेनदुलाम बसते, हात बाह्यांत खुपसून,
पाठीशी फिल्टरांची चवड.

म्हटलं, चांगलासा फिल्टर द्या.
म्हणाली, चांगला कुणासाठी?
खोली केवढी? छत किती उंच?
आणि खोकतं कोण?

अनुजिन. चार वर्षांची.
खोली मी पावलांत सांगितली.
खोकला कशात सांगायचा ते सुचलं नाही.

तिने आधी दोन यंत्रं बाजूला सारली.
निळा दिवा लागतो ते,
आणि लव्हेंडरचा वास सोडतं ते.
“हवेत जो भर घालतो, तो काढून काय घेणार?
आणि ‘धुवा, पुन्हा वापरा’ म्हणेल,
त्याला लांबूनच नमस्कार.”

मग एक खोका फोडला. एच तेरा.
बल्बसमोर धरून घड्या दाखवल्या,
दाट, सरळ, एकही दुमडलेली नाही.
“सगळा उलगडलास तर
तुझ्या दारापासून पाण्याच्या टपरीपर्यंत जाईल.
पण कागदावर भाळू नकोस. कड बघ.”
फोमच्या पट्टीवरून तिचा अंगठा फिरला,
चारही कोपरे, सावकाश, जखम चाचपावी तसा.
“इथे बोटभर उखडली, की संपलं.
धूर आळशी. चाळणीतून कशाला जाईल?
फटीतून जाईल.
माझा नवरा तसाच होता.”
ती हसली नाही, म्हणून मीही नाही.

वासासाठी दुसरा थर.
एक नुसती काळी जाळी, फुंकरीने उडेल अशी.
दुसरा दाण्यांनी गच्च.
“हातात घे. मांस घेतोस ना जोखून, तसा.”
हलवला. दाणे आत खुळखुळले
आणि मला तो आवाज ओळखीचा निघाला:
पट्ट्यावरून बॉयलरकडे जाताना होतो, तोच,
फक्त हजार पटींनी लहान.
अठरा वर्षं वीजकेंद्रात कोळसा पुढे ढकलतोय मी.
हे तिला सांगितलं नाही.
भावकीचं भांडण भावकीनंच मिटवायचं,
एवढंच मनात म्हटलं, आणि पैसे मोजले.
या महिन्यातली मेंढीची मांडी गेली.

खोक्यावर छापलंय: सहा महिने.
तिने पेनाने खोडलं.
“कारखानदार समुद्राकाठी राहतो. तू सात आठवडे धर.”

रात्री दिवे मालवून यंत्राच्या पोटात बॅटरी लावली,
कुठून उजेड झिरपतो ते पाहायला.
डाव्या कोपऱ्यातून, केसाएवढा.
जुन्या बुटातली नमद्याची पट्टी कापून तिथे कोंबली.
दोनशे बारा. एकशे साठ. नव्वद.
मध्यरात्री अडतीस.
मग उयांगाने चुलीचं दार उघडलं,
कोळसा टाकणं भागच होतं,
आकडा उसळून पुन्हा एकशे चाळीस.
दोघंही त्या आकड्याकडे बघत उभे,
दूध उतू जाताना बघावं तसे.
यंत्र मोठ्याने घुरघुरलं.
झोपेतच अनुजिन म्हणाली, मांजर आलं.

सात आठवड्यांनी काढला.
लांडग्याच्या पाठीचा रंग.
बोट लावू दिलं नाही तिला.
कुंपणापलीकडून चुलुन म्हणाला,
“चौकट पुठ्ठ्याची ना? दे इकडे, झकास पेटेल.”
चुलुन टायरही जाळतो. थंडी त्यालाही आहेच.

दोन पिशव्यांत बांधून कपाटावर टाकला.
आता तिथे तीन झालेत.
उयांगा विचारते, किती दिवस?
मी म्हणतो, उन्हाळा येऊ दे.
उन्हाळ्यात काय करणार, ते माहीत नाही.

मांजर चालू आहे. पंचेचाळीस.
मफलर नाकावर ओढतो.
पाळी सहाची.