प्रतीक्षायादी

बढतीच्या अर्जात रकाना सातवा:
संशोधनाचा समाजाला झालेला उपयोग, शंभर शब्दांत.
तीन दिवस तो कोरा आहे.
बाकी सगळं भरलं. शोधनिबंध चोवीस,
परिसंवाद एकतीस, पीएचडी झालेले पाच,
सोडून गेलेला एक
(तो आता ऑनलाइन रमीच्या कंपनीत,
माझ्याकडे शिकला तेच तिथे उलटं वापरतो,
दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा पाठवतो, न चुकता).

दांडिया बाजारातली मावशी विचारायची,
दारू नाही, तंबाखू नाही, मग कसलं गं तुझं व्यसन?
तिला काळ्या घोड्याच्या पुलावर नेलं.
खाली विश्वामित्री, वर कठड्याला टेकलेली माणसं,
मगर दिसेल म्हणून.
रोज दिसली असती तर कुणी थांबलं नसतं,
म्हटलं, मावशी, हे ते.
ती म्हणाली, थांब जरा,
तिथे हललं बघ काहीतरी.
पाऊण तास आम्ही तिथेच.

पहिलं अनुदान मिळालं तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या.
तीस जणांना उपचार,
तीस जणांना बारा आठवडे नुसती वाट.
वाट बघणाऱ्यांना काही द्यायचं नसतं,
फक्त दर गुरुवारी प्रश्नावली
आणि कोरा चेहरा.
कोऱ्या चेहऱ्याचाही सराव करावा लागतो.

क्रमांक एकेचाळीस मंगळ बाजारात
घड्याळं दुरुस्त करायचा. नाव सांगायची मुभा नाही.
मोबाइलवर तीन पत्ती, बायकोच्या बांगड्या,
भावाच्या खोट्या सहीचा चेक,
सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं,
म्हणाला, बेन, हवे शुं करवानुं?
मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी या.

तो आला.
दर गुरुवारी चारच्या ठोक्याला,
डोळ्याला लावायचं भिंग खिशात तसंच.
या आठवड्यात किती वेळा? सत्तावीस.
किती वेळा? एकोणीस.
किती? अगियार, बेन.
मी आकडा लिहायचे. मान हलवायची नाही, ठरलेलं होतं.
नवव्या गुरुवारी म्हणाला,
खेळायला बसलो की आता वाटतं,
हे तुम्हाला सांगावं लागणार.
तेव्हा माझ्या चेहऱ्याचं काय झालं
याची नोंद कुठे नाही.

असे अकरा जण निघाले,
काहीच न देता सुधारलेले.
दोन गटांत सांगण्याजोगा फरक उरला नाही.
परीक्षकाने शेरा मारला: नियंत्रण गट दूषित.
सर म्हणाले, पुन्हा कर,
या वेळी प्रश्नावली टपालाने पाठव.

पाठवली.
या वेळी वाट बघणारे नीट वाट बघत राहिले,
होते तिथेच, काही आणखी खोल.
फरक स्वच्छ आला. निबंध छापून आला.
माझी नोकरी कायम झाली ती त्यावर.

अजून रात्री दीडला उठून बघते
त्याला कुणी उद्धृत केलंय का.
कधी आकडा एकाने वाढलेला असतो. बहुतेकदा नसतो.
मी पुन्हा बघते.
या आठवड्यात किती वेळा, हे विचारणारं
मला कुणी नाही.

तेराव्या गुरुवारी एकेचाळीसचा
उपचार सुरू व्हायचा होता.
मी बेंगळुरूला होते, परिसंवाद क्रमांक सहा.
शिपाई म्हणाला, घड्याळवाले आले होते,
बाकावर बसले तासभर,
आकडा तेवढा सांगून गेले.
त्याने तो पंख्याच्या बटणाशेजारी
भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलेला.
त्यानंतर खोलीला दोनदा रंग झाला.

सातव्या रकान्यात मी लिहिते: चार.
मग खोडते.
शंभर शब्द हवेत.