घडी

जलंगीची माती थंडीत लवकर वाळत नाही.
झुमुर हे पौष लागल्यापासून सांगत होती
आणि मी म्हणत होतो, बघू.
मूर्ती सत्तावीस. एकाच संन्याशाच्या सगळ्या.
सगळ्यांची हाताची घडी,
सगळ्यांची नजर आमच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे
कुठेतरी फार लांब.

घुर्णीत या दिवसांत धुकं दारातून आत येतं
आणि उधारी मागायला आल्यासारखं बसून राहतं.
आम्ही तुसाची शेगडी पेटवली,
दोन रात्री मूर्ती शेकत बसलो,
न्हाऊ घातलेली बाळं शेकावीत तशा.
तरी तीन तडकल्या.
त्यातल्या एकीचं कोपरच गेलं.

साचा बाबांचा.
त्यात फेट्याच्या घड्या सहा.
सातवी मागे, मानेपाशी,
ती हातानं कोरावी लागते, बांबूच्या पातीनं.
मी म्हटलं, यंदा सोड.
शाळेत कपाटावर ठेवतात, मागून कोण बघायला येतो?
तिनं उत्तर दिलं नाही.
गेरूची वाटी माझ्याकडे सरकवली,
म्हणाली, ढवळ.

बारा जानेवारीची पहाट.
माझ्या टोटोत पेंढा पसरून चोवीस जण बसवले.
बॅटरी अर्धी, रस्ता त्याहून कमी.
प्रत्येक खड्ड्याला
चोवीसही जण एकदम मान डोलावत होते,
जणू मी काही शहाणपणाचं बोललोय.

पोस्ट ऑफिसच्या चौकात मंडप.
माइकवर एक गृहस्थ तरुणांना
उठा म्हणून सांगत होते.
झुमुर तीन वाजता उठलेली.
ती माझ्या शेजारी बसून पेंगत होती.

मग प्राथमिक शाळेची फेरी आली.
एकतीस छोटे संन्यासी,
कुणी ताईच्या ओढणीत, कुणी काकाच्या लुंगीत,
आणि सगळ्यांचे फेटे सुटत आलेले.
पुढे होता टुबाई.
त्याचं नाक वाहत होतं,
पण हाताची घडी सोडायची नाही
अशी दिदिमणींची सक्त ताकीद.
म्हणून ओठापर्यंत आलेलं तो जिभेनं थोपवत होता,
आणि फेटा, म्हणजे त्यांच्या खिडकीचा पडदा,
एका डोळ्यावर उतरलेला.

झुमुर जागी झाली. उतरली.
आधी पदरानं त्याचं नाक पुसलं.
मग पडदा सोडून झटकला,
आणि तिची बोटं चालू लागली.
कापडावर पहिल्यांदाच.
मातीत मात्र हा फेटा तिनं हजारदा बांधलेला.
एक, दोन, कपाळावर तिरपी तिसरी...
सातवी मानेपाशी आत खोचून
जरा ओढली. टुबाई म्हणाला, आई गं.
डोकं हलवून पाहिलं त्यानं, जोरात.
हललं नाही काही.

रस्त्यातच रांग लागली.
मागून येणारी बस थांबली, पाहुण्यांची गाडी थांबली,
माइकवरचे गृहस्थ तिसऱ्यांदा उठा म्हणाले
आणि घड्याळाकडे बघत राहिले.
तिच्या नखांत माती होती.
एकतीस कपाळांवर तिचा एकेक डाग पडला,
तो कुणी पुसला नाही,
हात रिकामे नव्हते ना.

सुचेता दिदिमणींनी विचारलं,
कुठल्या कॉलेजात आहेस गं?
आठवीत सुटलं, झुमुर म्हणाली,
शाळा म्हणाली नाही, एखादा धागा सुटावा तसं म्हणाली.
त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, गुरुवारी येशील?
मुलांना माती शिकवायला?
झुमुरनं विचारलं, पैसे किती?
दिदिमणी हसल्या.
झुमुर हसली नाही. उत्तराची वाट बघत उभी राहिली,
अंग चोरून, हाताची घडी घालून,
थंडीच तेवढी होती.

आकडा ऐकून टोटोत येऊन बसली.
म्हणाली, चल, अजून चोवीस ठिकाणी जायचंय.
वाटेत मी विचारलं, जाणार का गुरुवारी?
ती म्हणाली, बघू.
माझाच शब्द, माझ्याच सुरात.

कोपर गेलेला तो एक अजून आमच्याकडे आहे,
फळीवर, रंगाच्या डब्यांमध्ये.
झुमुरनं त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.
जेवताना समोर
सातवी घडी दिसते.