सहमला दहावा

रजा डिसेंबरात होती. आई ऑगस्टात गेली.
अग्नी चुलतभावानं दिला, मी फोनवर पाहिला.
कुणाचा तरी अंगठा सारखा मध्ये येत होता,
आणि नेटवर्क गेलं तेव्हा
आईचे पाय अजून दिसत होते.

नऊ दिवस ॲल्युमिनियमच्या चौकटी कापल्या.
माप एकदाही चुकलं नाही, याचीच लाज वाटली.
नववी रात्र उलटल्यावर, साडेबाराला,
मोतालिबच्या दुकानात शिरलो.
(नाव नंतर कळलं.)
टीव्हीवर क्रिकेट, बाकावर दोन गिऱ्हाइकं,
गळक्या एसीखाली रंगाचा रिकामा डबा.
"पूरा निकालो," म्हटलं, "मूछ भी."

आरशातून त्यानं एकदाच पाहिलं.
टीव्ही बंद केला.
त्या दोघांशी काय बोलला कळलं नाही,
ते चपला घालून बाहेर उकाड्यात जाऊन उभे राहिले,
सगळं होईपर्यंत, काचेकडे पाठ करून.
वस्तरा टाळूवर आला तेव्हा तो थांबला.
"पीछे थोड़ा रखना है ना?"
सिलहटला त्याच्या शेजारी चक्रवर्ती राहायचे म्हणे.
शेंडीचं मी पार विसरून गेलो होतो.

केस पिशवीत गाठ मारून दिले.
रियाल पुढे केला तर वस्तरा पुसतच राहिला,
जणू पात्याला अजून काही चिकटलंय.

उजाडता किनाऱ्यावर गेलो.
कॅम्पच्या टोपातला बासमती, पिंड वळता वळेना,
सारखा सुटायचा. काळे तीळ मलबारी दुकानदारानं
मागच्या फळीवरून शोधून दिलेले.
दर्भ नाही, खजुरीच्या पातीची अंगठी केली.
मंत्र येत नव्हते. तिचं नाव घेतलं, बापाचं घेतलं,
मग गावाचं.

कावळे मात्र आपलेच.
म्हणतात, जुन्या गलबतांवर बसून आले,
व्हिसा-बिसा न काढता.
वाळत घातलेल्या जाळ्यांवर ओळीनं बसले होते.
मी हात जोडले: धाकटीला अंतर देणार नाही.
एकही हलेना.
मांगराची कौलं बदलतो.
हलेना.
कर्ज फेडून पुढच्या वर्षी कायमचा येतो.
हे ऐकून तर एक उडूनच गेला.

बोटीला डांबर लावणारा म्हातारा कधीपासून बघत होता.
आला. माझ्या डोक्याकडे बोट केलं.
मला अरबी येतं ते हिशेबापुरतं.
"उम्मी," म्हटलं, आणि पुढचा शब्द सापडेना,
तर हात वर केला, आणि तो तसाच राहिला.
त्यानं भात पाहिला, कावळे पाहिले,
गळाला आमिष न लावता बसलेल्या पोराकडे बघून
करावं तसं च् च् केलं.
बोटीतून बांगडा आणला, मुंडकं छाटलं,
पिंडाला टेकवून ठेवलं.

मी नको म्हणायला तोंड उघडलं.
सुतक, शास्त्र, दहावा दिवस, त्याला कसं सांगू?
आणि चुलीपुढून आवाज आला, अगदी तिचा,
ताट वाढता वाढता, चाळीस वर्षं रोज तोच:
"डोक्याचो तुकडो माका ठेव."

मिटलं तोंड.

चोच आधी भाताला लागली की माशाला,
ते मी भावाला सांगितलं नाही.
इथेही सांगणार नाही.
म्हातारा, मरहून त्याचं नाव, "अल्ला यरहमहा" म्हणाला
आणि डांबर थिजेल म्हणून घाईनं परत गेला.

डिसेंबरात गावी जाऊन आलो.
काजूगराची पिशवी घेऊन मोतालिबकडे गेलो
तर खुर्चीमागे दुसराच पोरगा.
तो गेला, म्हणाला. कुठे? खांदे उडवले.
डबा तोच होता, एसीखाली, अर्धा भरलेला.
बसलो. त्यानं मानेभोवती कापड आवळलं,
कसे कापू विचारलं.
केस आता पुरते वाढले होते,
शेंडी कुठली, बाकीचे कुठले, हातालाही कळत नव्हतं.
तरी म्हटलं,
मागे थोडे राहू दे.