दाखल-खारीज

सदरमधल्या आमच्या शाळेत
एक लोखंडी कपाट आहे, हिरवं.
किल्ली माझ्याकडे असते. कुलूप मात्र
किल्लीपेक्षा माझ्या बुक्कीचं ऐकतं.

आत एकोणीसशे सातपासूनची दाखल-खारीज रजिस्टरं,
तांबडी कापडी पाठ, डांबरगोळ्यांचा वास,
आणि साहेबानं विलायतेहून आखून आणलेले रकाने:
नंबर, नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, जात,
जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण.
आईला रकाना नाही.
विलायतेत आया नसतील, असं धरून चालायचं.

जन्मतारीख: एक जुलै, एक जुलै, एक जुलै.
डोक्यावरून हात नेऊन पोराला पलीकडचा कान धरता आला
की हेडमास्तर त्याला जन्माला घालायचे.
एका पानावर त्रेपन्न पोरं, एकाच दिवशी जन्मलेली,
निरनिराळ्या मोहल्ल्यांत, निरनिराळ्या सुइणींच्या हातून.

खिडकीबाहेर पारा चव्वेचाळीस.
पोरं टाय बांधून ड्रिल करताहेत,
पीटीचे ढोबळे सर सावलीतून आकडे मोजताहेत.
हाऊसची नावं बदलली सत्तर साली,
साहेबांची गेली, नद्यांची आली:
कन्हान, पेंच, वैनगंगा, नाग.
नाग हाऊसमध्ये कोणी जायला मागत नाही.
"मॅडम, तो नाला आहे ना,"
पाचवीतला हर्षल रडकुंडीला आलेला.
अबे, गावाचं नावच त्याच्यावरून पडलं, मी म्हटलं.
"म्हून काय वास गेला का त्याचा?"

काल गोळीबार चौकातून प्रणोती निमजे आली.
हातात फाइल, चपलेला रस्त्याचं डांबर.
"पणजोबाची नोंद पाहिजे होती.
समितीला पन्नासच्या आधीचा कागद लागते."

बकाराम सोनबा निमजे. साल एकोणतीस.
सापडला. नंबर चारशे अकरा.
बापाचा धंदा, विणकाम.
जन्म, सांगायलाच नको.
आणि जातीच्या रकान्यात
दोन बारक्या रेघा. डिट्टो.

आम्ही दोघींनी बोट ठेवलं आणि वर निघालो.
चारशे दहा, डिट्टो. नऊ, डिट्टो.
पान उलटलं. पंख्यानं ते परत पाडलं.
पुन्हा उलटलं.
रिकामा धोटा नुसताच इकडून तिकडे जावा
तशा रेघा, खाली काही विणलं जात नाही.
तीनशे दोनवर शब्द लागला:
अँग्लो-इंडियन.
हर्बर्ट मॅकनॅली, बाप रेल्वेत गार्ड.

प्रणोती हसली. मी हसले.
चहा घेऊन आलेला शिपाईही हसला, त्याला कळलं नाही तरी.
मग तिनं फाइलची चेन लावली. पुन्हा उघडली.

कारकून आळशी असेल,
किंवा निब मोडलं असेल,
किंवा रांग व्हरांड्याबाहेर गेलेली,
आणि संध्याकाळच्या आत एवढी बाळंतपणं उरकायची.
पण शेवटचा रकाना त्यानं पुरा लिहिलाय, एकेकाचा:
फी थकली. देवी आल्या. गिरणीत लागला.
बकारामपुढे: सतत गैरहजर.

"मागावर बसवलं होतं त्याले," ती म्हणाली.
"आजी सांगे, धागे इंग्रजीत मोजे.
वन, टू, थ्री, साठपर्यंत.
साठच्या पुढं मराठी.
आन् म्हातारपणी जेवायला हाक मारली
की मागावरून वरडे,
प्रेझेंट सर."

नियम असा की नक्कल हुबेहूब द्यावी.
मी कोऱ्या कागदावर सगळं उतरवलं,
आणि जातीपुढे काढल्या दोन रेघा,
ज्यांच्या वर काहीच नाही.
सत्यप्रतीचा शिक्का मारला. खाली पत्ता: सदर, नागपूर.
सदर म्हणजे आमच्या कारकुनी भाषेत
वर सांगितलेलं तेच.

पावती पन्नासची. तिनं शंभर काढले.
माझ्याकडे सुटे नव्हते.
"राहू द्या मॅडम," ती म्हणाली,
"परत यावं तं लागनच."