मोरचुदी

पापणीवर एकच रेघ,
बाहेरच्या कोपऱ्यात किंचित उचललेली.
काळी नाही. निळी.
बाकी चेहरा रिकामा ठेवा,
फोनमधली मुलगी म्हणाली होती. ठेवला.

उदगीरच्या दवाखान्यात, सकाळी साडेआठला
वॉचमन म्हणाला, मॅडम, डोळ्याला शाई लागलीय.
तय्यबा सिस्टरनं नुसतं पाहिलं,
मग डबा खाताना हळूच विचारलं, केवढ्याला?

मी दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते.
खालची ओळ. आता डावा झाका.
माझ्याकडे पाहणं हा तपासणीचा भाग नाही.

बेड नंबर सहा, सोजरबाई कासार.
काल मोतीबिंदू काढला.
पट्टी सोडली, कापसानं कडा पुसली,
किती बोटं, विचारणार तेवढ्यात
त्यांनी माझी हनुवटीच धरली,
बांगड्या भरताना मनगट धरावं तशी,
मऊ, पण सुटू न देता.

"थांब माय, हलू नको.
मोरपिशी न्हाई. अस्मानी बी न्हाई.
ही मोरचुदी.
चार वर्सं झाली, निळ्या म्हणून
हिरव्याच भरल्या असतील म्या बायकांना.
कुणी बोललं न्हाई बघ."

आणि लगेच,
"एकीकडं जाड झालीय की गं."

झाली होती.
सकाळी लाईट गेलती, मी म्हटलं.

"उद्या नीट ओढून ये.
उद्या अजून साफ दिसंल मला."

केसपेपरवर रंगाचा रकाना नाही.
किती बोटं, ते विचारायचं राहूनच गेलं.