आतल्या बाजूचे आकडे

सांग्यात तेव्हा मी बसच्या कपाळावर देवांची नावं रंगवायचो,
बारच्या दारावर दर.
धरणाचं पाणी गावाला लागायला दोन पावसाळे उरले होते.
बेळवडी साहेबांनी एका पाटीवर माझं अक्षर बघितलं,
विचारलं, देवळावर लिहाल?

आमचा महादेव कदंबांच्या वेळचा, सगळा जांभ्यात.
चुना नाही, माती नाही,
चिऱ्यावर चिरा आपल्याच वजनानं बसलेला.
शिखराच्या सांध्यात पिंपळ,
मकरमुखात मधमाश्या.

रीत अशी: वरून खाली सोडवायचं,
आकडा मात्र खालून वर मोजायचा.
पू-११-४
म्हणजे पूर्वेची भिंत, जोत्यावरचा अकरावा थर,
डावीकडून चौथा चिरा.
दर्शनी अंगाला फक्त खडू. रंग आत,
चिरा उचलला की त्याच्या बगलेत,
जिथं पुन्हा कुणी बघणार नाही.
'तूं फकत आंकडे बरय,' कंत्राटदार म्हणाला,
आणि मी चार महिने फक्त आकडे लिहिले.

उलटा पडलेला चिरा तीनाचा सहा करतो,
म्हणून प्रत्येक आकड्याच्या पायाशी रेघ.
हणमंत वड्डरला वाचता येत नसे.
तो चिऱ्यावर हात फिरवून सांगायचा
याचं तोंड कुठं, पाठ कुठं,
आणि माझी रेघ बघून हसायचा.

गाभाऱ्याची चौकट तेवढी काळ्या दगडाची,
घाटापलीकडून आलेली.
डावा खांब निघाला, आडवा केला,
पाठीवर छिन्नीच्या तीन उभ्या रेघा
आणि अर्धं वर्तुळ.
घाईघाईत मारलेलं. नक्षी नव्हे.
उजवा निघाला. त्याच्याही पाठीवर तीन रेघा,
वर्तुळाचं उरलेलं अर्धं.

हणमंतनं विडी विझवली.
'हे तिकडं जोडून बघितलेलं, साहेब.
मग सुटं केलं. मग बैलावर.'
बराच वेळ कुणी बोललं नाही.
आम्ही समजत होतो, देऊळ पहिल्यांदाच हलतंय.
माझा ब्रश वाळून कडक झाला.
त्या अर्ध्या वर्तुळाशेजारी मी लिहिलं
गा-डा-१,
जरा बारीक अक्षरात.

ट्रकमध्ये पेंढा घालूनही एकेचाळीस चिरे फुटले.
त्यांच्या जागी नवे बसवले,
पाठीवर साल कोरून,
उद्या कुणी त्यांना जुने समजू नये म्हणून.
कंत्राटदार सिमेंटच्या गोणी घेऊन आला, घेऊन गेला.
साहेब म्हणाले, जांभ्याला घाम येतो,
सिमेंट तो अडवून धरतं.

नव्या जागी होकायंत्र लावून पूर्व धरली.
पूर्व तीच, पण समोरचा डोंगर इथं उंच.
पिंडीवर ऊन आता चौदा मिनिटं उशिरा पडतं.
पुजाऱ्यानं पहिल्या दिवशी घड्याळ झटकून पाहिलं.

आता माझे आकडे भिंतीच्या पोटात आहेत,
ओळीनं, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, अंधारात.
उंबऱ्याशी तो आठशे वर्षांपूर्वीचा माणूस
आणि मी.
नाव त्यानंही लिहिलं नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं.
पश्चिमेच्या भिंतीत, सातव्या थरात
तिसरा आणि सहावा यांची अदलाबदल झाली आहे.
तिथं माझी रेघ पुसली गेली होती,
किंवा मी ओढलीच नव्हती.
छत्तीसचा आकडा म्हणतात, तोच तो,
पण दोघंही बिनतक्रार भार घेऊन उभे आहेत.
तिसऱ्यापाशी फट राहिली आहे,
जुनं चार आण्यांचं नाणं आत जाईल एवढी.
साहेब गेले, हणमंत गेला,
मी कुणाला बोललो नाही.

दर श्रावणात एकदा जातो.
प्रदक्षिणेत तिथं थांबतो, बोट घालून बघतो.
अजून कोरडी आहे.